सोनेरी टॅमरिनला पीतज्वराची लस: रिओच्या जंगलातलं एक प्रकरण

ब्राझीलच्या वीस रिआलच्या नोटेवर एक चिमुकलं माकड छापलेलं आहे. अंगभर केशरी-सोनेरी केस, चेहऱ्याभोवती आयाळ आणि वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो. हे गोल्डन लायन टॅमरिन. रिओ दी जानेरो राज्यातल्या किनाऱ्याजवळच्या सखल जंगलाशिवाय ते निसर्गात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. १९७०च्या दशकात जंगलात सुमारे २०० टॅमरिन उरली होती. १९७४ साली त्यांच्यासाठी पोसू दास आन्तास हे राखीव जंगल जाहीर झालं. १९८४पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली जनावरं जंगलात सोडायला सुरुवात झाली आणि आसपासच्या जमीनमालकांनी आपापल्या मालकीतली झाडी राखली. २०१४च्या गणतीत आकडा ३,७०० पर्यंत गेला. नामशेष होता होता एखादी जात माघारी फिरल्याची उदाहरणं मोजकीच आहेत, त्यातलं हे एक.

त्यानंतर पीतज्वर आला, म्हणजे डासांमार्फत पसरणारा यलो फीव्हर हा विषाणूचा आजार.

२०१६च्या अखेरीस मिनास जेराइस राज्यात सुरू झालेली साथ एस्पिरितु सांतु आणि रिओकडे सरकली. मार्च २०१७मध्ये रिओ राज्यातल्या काझिमिरू दे आब्रेउ या तालुक्यात पीतज्वराने माणूस दगावल्याचं निश्चित झालं. हा तालुका टॅमरिनच्याच पट्ट्यात आहे. दोन हंगामांत ब्राझीलमध्ये दोन हजारांहून जास्त माणसांना लागण झाली आणि सातशेहून जास्त मृत्यू झाले. त्या देशाने ऐंशी वर्षांत एवढी मोठी साथ पाहिली नव्हती. २०१८मध्ये पीतज्वराने मेलेलं पहिलं टॅमरिन प्रयोगशाळेत नक्की झालं. त्यानंतरच्या पाहणीत अंदाजे २,५१६ टॅमरिन उरली होती. म्हणजे चार वर्षांत जवळपास तिसरा हिस्सा गेला. ज्या पोसू दास आन्तासपासून सगळं सुरू झालं, तिथली तर बहुतेक कुटुंबंच नाहीशी झाली.

इथे एक अडचण नीट समजून घ्यायला हवी. सहा-सात किलोचं हाउलर, म्हणजे मोठ्याने आरोळी देणारं तिथलं माकड, झाडावरून पडलं तर आवाज होतो, वास सुटतो, गिधाडं जमतात आणि गावकऱ्याला ते दिसतं. सहाशे ग्रॅमचं टॅमरिन मेलं तर मुंग्या आणि छोटे शिकारी प्राणी दोन दिवसांत त्याचा मागमूस ठेवत नाहीत. त्यामुळे हा ऱ्हास मृतदेह मोजून कळलेला नाही. टॅमरिनची कुटुंबं आपली हद्द लांब हाकेने सांगतात. पाहणी करणारे ठरलेल्या ठिकाणी ती ध्वनिमुद्रित हाक वाजवतात आणि प्रत्युत्तर येतं का ते ऐकतात. जिथे पूर्वी उत्तर येत असे, तिथे आता शांतता होती.

डास मारून का भागत नाही

शहरात पीतज्वर पसरवतो एडिस इजिप्ती, आपल्याकडे डेंगी पसरवणारा तोच डास. ब्राझीलमधला शहरी पीतज्वर १९४२नंतर थांबलेला आहे. जंगलातलं चक्र वेगळं चालतं. तिथे हेमागोगस आणि सॅबेथीस हे डास झाडांच्या शेंड्यांवर, भर दिवसा माकडांना चावतात. त्यांची पैदास झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात होते. हेमागोगसची अंडी कोरड्या दिवसांत टिकून राहतात आणि पाऊस पडला की फुटतात. वीस-तीस मीटर उंचीवरच्या लाखो ढोलींमध्ये औषध फवारणं शक्य नाही. समजा फवारलंच, तर पहिले मरतील ते टॅमरिनच्या खाण्यातले नाकतोडे आणि अळ्या. हेमागोगस काही किलोमीटर उडतो, त्यामुळे जंगलाच्या दोन तुकड्यांमधलं कुरणही त्याला अडवत नाही. ज्या सलग जंगलासाठी आणि हिरव्या जोडपट्ट्यांसाठी संवर्धनवाले चाळीस वर्षं झटले, त्याच वाटा विषाणूलाही खुल्या असतात. म्हणून जोडपट्ट्या तोडा असं कुणी म्हणणार नाही, कारण तुटक जंगलात अंतःप्रजननाने जात हळूहळू संपते. पण त्या जोडायच्या असतील, तर आतल्या जनावरांना काही संरक्षण द्यावं लागेल, हा मुद्दा २०१८नंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

माणसाकडूनही माकडांचा घात झाला. माकडंच रोग पसरवतात असं समजून साथीच्या काळात रिओ आणि आसपास लोकांनी माकडांना दगडांनी, काठ्यांनी, विष घालून मारलं. प्रत्यक्षात माकड इथे पहिला बळी असतं. हाउलर मरू लागले की माणसांना लस देण्यासाठी काही आठवड्यांची उसंत मिळते. माकडं मारणारा माणूस आपलीच धोक्याची घंटा फोडत असतो.

लस कुठली आणि किती

पीतज्वराची १७डी लस १९३७ची आहे. मॅक्स थायलर यांना तिच्यासाठी १९५१चं नोबेल मिळालं. तिच्यामागचा विषाणू १९२७मध्ये घानातल्या एका रुग्णाच्या रक्तातून वेगळा केला गेला. तो वाढवता आला, कारण आपल्याकडचं लाल तोंडाचं ऱ्हिसस माकड या विषाणूला सहज बळी पडतं हे तेव्हा लक्षात आलं. पीतज्वर कधीच न पाहिलेल्या आशियातल्या माकडांच्या जिवावर ही लस उभी राहिली. आता तिचा थोडा वाटा माकडांना परत मिळतो आहे, याचं समाधान वाटतं.

ब्राझीलमध्ये या लशीचा १७डीडी हा उपप्रकार रिओतल्या फिओक्रूझ संस्थेत १९३७पासून बनतो, आज तिच्या बियो-मांगिन्योस या विभागात. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांत वाढवली जाते. माणसाची मात्रा ०.५ मिलि. मग सहाशे ग्रॅमच्या जिवाला किती?

वजनाच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाच्या शंभरावा भाग द्यावा, असं पटकन वाटतं. पण जिवंत लशीचं गणित विरजणासारखं आहे. दूध निम्मं केलं म्हणून विरजण काटेकोर निम्मं करावं लागत नाही. दही लागण्यापुरतं ते असलं म्हणजे झालं, पुढची वाढ ते स्वतः करतं. फक्त एका मर्यादेखाली गेलं तर दही लागतच नाही. माणसांवरच्या मात्रा-अभ्यासात याच कारखान्याच्या लशीने ५८७ आंतरराष्ट्रीय एकक एवढ्या कमी मात्रेतही पूर्ण मात्रेइतकाच प्रतिसाद दिला होता. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अट आहे १,००० एककांची आणि प्रत्यक्षात कुपीत तिच्या कित्येक पट विषाणू असतो. त्याच आधारावर २०१८मध्ये साओ पाउलो, रिओ आणि बाहियामध्ये लोकांना ०.१ मिलिची अंश-मात्रा दिली गेली. टॅमरिनसाठीही माणसाचीच लस पातळ करून कमी मात्रेत वापरायचं ठरलं.

दुसरी भीती अधिक गंभीर होती. दुबळा विषाणू माणसात क्वचितच, लाखो मात्रांमागे एखाद्याला, यकृतापर्यंत पोचून गंभीर आजार करतो. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना मात्र पीतज्वर माणसापेक्षा कितीतरी जास्त झोंबतो. त्यांच्यासाठी हा दुबळा विषाणूही पुरेसा दुबळा आहे का? हे जंगलात जाऊन आजमावण्यासारखं नव्हतंच. २०१८पासून ग्वापिमिरिंच्या रिओ प्राइमेट केंद्रातल्या बंदिस्त माकडांना वेगवेगळ्या मात्रा देऊन त्यांच्यावर देखरेख ठेवली गेली. फिओक्रूझचे मार्कोस फ्रेइरे यांच्या गटाला दुष्परिणाम आढळले नाहीत. दहातल्या नऊहून अधिक माकडांत विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार झाली. लसीकरण झालेल्या माकडाला चावून डास लशीचाच विषाणू जंगलात पसरवतील का, ही शंकाही रास्त होती. पण १७डीचा विषाणू डासाच्या आतड्याबाहेर पसरून लाळेपर्यंत पोचण्यात कमी पडतो. लशीतल्या या दुबळ्या वाणाचा हा जुना आणि तपासलेला गुण आहे.

सरकारी परवानगीनंतर २०२१मध्ये जंगलातलं लसीकरण सुरू झालं. उद्दिष्ट होतं ५०० टॅमरिन. काम गोल्डन लायन टॅमरिन संघटनेकडे आलं. संवर्धन-जीवशास्त्रज्ञ कार्लुस रुईझ-मिरांडा या कामात होते आणि सिल्वा जार्दिम हा संघटनेचा तळ.

सुई सोपी, पिंजरा अवघड

युरोपात कोल्ह्यांना रेबीजची लस आमिषात घालून दिली गेली आणि देशच्या देश रेबीजमुक्त झाले. पीतज्वराची लस तोंडावाटे देता येत नाही, ती टोचावीच लागते. एवढ्याशा जिवाला दुरून डार्ट मारला तर हाड मोडेल. तेव्हा एकच मार्ग उरतो: प्रत्येक टॅमरिन जिवंत पकडायचं, टोचायचं आणि सोडायचं. या प्रकरणाचा सगळा खर्च, वेळ आणि धोका इथे आहे.

टॅमरिन कुटुंबाने राहतं. एका कुटुंबात साधारण दोन ते आठ जण आणि सगळ्यांचा मिळून एक ठरलेला इलाखा. त्यांच्या वाटेवर, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लाकडी फळी बांधतात आणि तिच्यावर तारेचे सापळे ठेवतात. पहिले काही दिवस दार बांधून उघडंच ठेवायचं आणि आत केळी टाकायची. कुटुंब निर्धास्तपणे आत-बाहेर करू लागलं की मगच सापळा लावायचा. ही सवय लावण्यात घाई केली तर एक-दोघे अडकतात, बाकीचे ओरडत पळतात आणि त्या कुटुंबाला सापळ्याची कायमची धास्ती बसते. पुढच्या वर्षी रक्ततपासणीसाठी तेच कुटुंब पकडायचं असतं, म्हणून ही चूक दुप्पट महागात पडते.

हंगामाची निवडही निर्णायक ठरते. पावसाळी महिन्यांत जंगलात फळं भरपूर असतात, त्यामुळे केळ्याची ओढ कमी असते. शिवाय सप्टेंबरपासून पिल्लं होऊ लागतात, बहुधा जुळी, आणि ती आई-बाप-भावंडांच्या पाठीला चिकटलेली असतात. जिवंत लस गाभण मादीला आणि तान्ह्या पिल्लाला देणं टाळायचं असतं. त्यामुळे मे ते ऑगस्ट हे कोरडे, थंड महिने सोयीचे, फक्त त्यांतही गाभण मादी वगळायची. पण थंडीतही धोका आहेच. भूल दिलेलं, भिजलेलं, अर्धा किलोचं जनावर पाहता पाहता गारठतं. पाऊस आला तर सापळे लावायचेच नाहीत. लावलेले सापळे सतत तपासायचे. आत अडकलेलं टॅमरिन तायरा या मुंगसासारख्या शिकारी प्राण्याला आयतं सावज असतं. केळ्यावर मुंग्या चढतात. आणि रिओच्या जंगलात बाहेरून आणून सोडलेली मार्मोसेट माकडंही फार झाली आहेत, ती आधी येऊन सापळा अडवतात. संध्याकाळी सगळे सापळे बंद.

पकडलेलं कुटुंब कापडाने झाकून तळावर आणतात. अंधार केला की ती शांत राहतात. इथून पुढे मास्क आणि हातमोजे सक्तीचे, आणि ते कपाळावर किंवा खिशात ठेवण्यासाठी नाहीत. माणसाच्या ओठावर 'जर' म्हणजे फोड येतो, त्यामागचा हर्पीस विषाणू या छोट्या माकडांना ठार मारतो. पीतज्वरापासून वाचवायला आणलेल्या कुटुंबाला माणसाच्या ओठावरच्या फोडाने संपवणं, याहून वाईट शेवट नाही. ओठावर असा फोड असलेल्या माणसाने त्या दिवशी जनावराजवळ जायचंच नाही.

वजन आधी, भूल नंतर. नेहमीच्या केटामाइनच्या कुपीत दर मिलिला १०० मिलिग्रॅम औषध असतं. त्यातलं ०.१ मिलि म्हणजे १० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० ग्रॅमच्या टॅमरिनला किलोमागे जवळपास १७ मिलिग्रॅम झालं. पिचकारीवर ०.०५ मिलिची चूक डोळ्याला दिसत नाही, पण इथे ती मात्रा दीडपट करते. म्हणून औषध आधी पातळ करायचं आणि बारीक खुणांची १ मिलिची पिचकारी वापरायची. भुलीत असताना दात, जखमा, गोचीड पाहायच्या. मांडीच्या आतल्या बाजूला गोंदलेला क्रमांक वाचायचा, नसेल तर गोंदायचा. मग मांडीच्या शिरेतून रक्त घ्यायचं. शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या पलीकडे जायचं नाही, म्हणजे ६०० ग्रॅमला ६ मिलि ही शेवटची सीमा. एक-दीड मिलित काम होतं, तेवढंच घ्यावं.

हे रक्त लशीच्या आधीचं असणं फार महत्त्वाचं. साथीतून वाचलेल्या काही जनावरांच्या रक्तात नैसर्गिक प्रतिपिंडं असू शकतात. आधीचा नमुना नसेल तर नंतर सापडलेलं संरक्षण लशीचं की जुन्या आजाराचं, हे कधीच सांगता येणार नाही. तपासणीही साधी चालत नाही. डेंगी, झिका आणि पीतज्वर एकाच कुळातले असल्याने झटपट चाचण्या एकाला दुसरा समजतात. पेशींच्या थरावर विषाणू रोखला जातो का, हे मोजणारी निष्प्रभीकरण चाचणीच करावी लागते, आणि ती मोजक्या प्रयोगशाळांत होते.

मग लस, पोटाच्या कातडीखाली. या सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत छोटं काम, काही सेकंदांचं. पण त्याच्या मागची शीतसाखळी तुटली तर सगळं वाया. गोठवून सुकवलेली लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. सोबतचा द्रवही त्याच तापमानाला आणून मगच मिसळायचा. मिसळल्यावर उन्हापासून दूर बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि सहा तासांच्या आत वापरायची. उरली तर टाकून द्यायची. कुपी बहुमात्रा असते आणि टॅमरिनसाठी ती आणखी पातळ केलेली, म्हणजे एका कुपीत कितीतरी जनावरांची सोय होते, पण हातात असतात एका कुटुंबातली पाच-सहा. लस उरते म्हणून दुसऱ्या कुटुंबाची वाट पाहत कुपी उघडी ठेवण्याचा मोह इथे होतो. तो टाळावा. कुपी स्वस्त आहे, ते पकडणं महाग आहे. त्वचेवर चोळलेलं स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवायही टोचू नये, नाहीतर जिवंत विषाणू जागीच मरतो आणि वहीत मात्र 'लस दिली' अशी नोंद राहते.

भूल उतरेपर्यंत ऊब, मग फळं, मग रात्रभर विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण कुटुंब एकत्र, पकडलं त्याच झाडाजवळ सोडायचं. एकेकट्याला किंवा चुकीच्या जागी सोडलं तर शेजारचं कुटुंब तुटून पडतं. इलाखा लवकर परत ताब्यात मिळाला नाही तर लशीने वाचवलेलं भांडणात जातं.

आकडे काय सांगतात

फेब्रुवारी २०२३पर्यंत ३७०हून जास्त टॅमरिनना लस देऊन झाली होती. त्याच वर्षी जाहीर झालेल्या गणतीत जंगलातली संख्या ४,८०० च्या आसपास निघाली. २०१८च्या २,५१६ वरून पाच वर्षांत जवळपास दुप्पट. बातम्यांमध्ये हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले गेले आणि लशीने टॅमरिन दुप्पट केली असं चित्र उभं राहिलं. तसं नाही. ४,८०० पैकी ३७० म्हणजे आठ टक्केही नाहीत. वाढ झाली ती साथ ओसरल्यामुळे, राखलेल्या जंगलामुळे आणि जुळी पिल्लं देणाऱ्या जातीच्या वेगामुळे. त्या वाढीचं श्रेय लशीला देणं हे लशीवरही अन्याय करणारं आहे, कारण पुढच्या वेळी संख्या घटली तर तेच लोक लस फसली म्हणतील.

मग लशीचं काम काय? साथ थांबवणं हे नव्हेच. टॅमरिन सगळी टोचली तरी हाउलर आणि डास विषाणू फिरवतच राहतील. पाचशेच्या उद्दिष्टामागचा विचार शेतकऱ्याला लगेच कळेल: उभं पीक कसंही होवो, कणगीत बियाणं राखून ठेवायचं. पुन्हा २०१८सारखी लाट आली तर ठिकठिकाणच्या कुटुंबांतली प्रजननक्षम जनावरं उरावीत आणि पुन्हा परदेशी प्राणिसंग्रहालयांकडे हात पसरावा लागू नये. त्यासाठी लस कुणाला द्यायची हे ठरवताना सापळ्यात सहज येणारी नव्हेत, तर दूरदूरच्या जंगलतुकड्यांतली, वेगवेगळ्या वंशांची प्रौढ जोडपी आधी घ्यायला हवीत. सोयीच्या कुटुंबांनी आकडा लवकर भरतो, पण कणगीत एकाच वाणाचं बियाणं साठतं.

हे बियाणं आपोआप टिकतही नाही. लशीचं संरक्षण पिल्लाकडे जात नाही. संख्या पाच वर्षांत दुप्पट होत असेल, तर एकही टोचलेलं जनावर मेलं नाही असं धरलं तरी संरक्षित वाटा तेवढ्या काळात निम्म्यावर येतो. म्हणजे एक मोहीम करून हात झटकता येत नाहीत. दर कोरड्या हंगामात नव्याने वयात आलेल्यांना टोचत राहावं लागतं, आणि त्यासाठी सापळे लावणारी कसबी माणसं नोकरीवर टिकवावी लागतात. लस मिळत राहील, ती माणसं मिळणं अवघड आहे.

हाउलरच्या बाबतीत हा धडा वेगळ्या रीतीने वापरला जातो. रिओ शहराच्या कुशीतल्या तिजुका राष्ट्रीय उद्यानात हाउलर पुन्हा वसवताना ती सोडण्याआधी टोचली जातात. पिंजरा आधीच असल्याने तिथे लसीकरण सोपं आहे. जंगलात सोडायच्या प्रत्येक माकडासाठी हा नियम व्हायला हवा.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या वाचकांना हे सगळं परकं वाटू नये. दोडामार्ग, बांदा, सत्तरीत काजूच्या बागांमधून पसरलेला माकडताप हाही पीतज्वराच्याच कुळातल्या विषाणूचा आजार. १९५७मध्ये तो शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. तिथे वाहक डास नाही, गोचीड आहे, आणि वानर व माकडं त्यात माणसाआधी मरतात. नाव 'माकडताप' पडल्यामुळे दोष मात्र माकडावर येतो. तिथे माकडांना टोचण्याचा मार्ग आज नाही, कारण पीतज्वरासारखी जुनी, पारखलेली जिवंत लस त्या आजाराला मिळालेली नाही. मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवणं, हा ब्राझीलमधला पाठ मात्र जसाच्या तसा लागू आहे.

रिओमधल्या पट्ट्यात विषाणू परत आला, तर खरी परीक्षा तेव्हा होईल. त्यासाठी तयारी आत्ताच करावी लागते. प्रत्येक टोचलेल्या टॅमरिनचा गोंदण-क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, तारीख, कुटुंबाचा इलाखा आणि त्याच जंगलतुकड्यातल्या न टोचलेल्या कुटुंबांची यादी एकाच नोंदवहीत हवी. साथीच्या महिन्यांत दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना सारख्याच वेळा जाऊन पाहावं लागेल, काही जनावरांच्या गळ्यात रेडिओपट्टा लागेल, आणि मृत जनावर सापडलं तर काही तासांत यकृताचा तुकडा बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे रवाना व्हायला हवा. हाक वाजवल्यावर कुठल्या झाडांतून उत्तर येतं आणि कुठून येत नाही, हे तेव्हा त्या वहीशी ताडून पाहायचं आहे.